साडेछत्तीस

शीतगृहाच्या तीन नंबरच्या दारात ट्रक लागला आणि भिंतीवरचा पडदा लाल झाला. नुसता लाल नाही, बोंबलायलाही लागला. 'नाशपाती, दोनशे चाळीस क्रेट. प्रवासातलं तापमान साडेछत्तीस अंश. माल नष्ट करावा.'

दारावरच्या तपासनीस बाईंनी हातमोजा काढला, वरच्या क्रेटमधलं एक फळ उचललं, देठापाशी अंगठ्याने हलकेच दाबलं आणि नाकाला लावलं. बावीस वर्षं त्या हेच करत होत्या. आतून बिघडलेली नाशपाती बाहेरून कितीही नटली तरी देठापाशी आंबूस वास सोडतेच. या फळाला तसला वास नव्हता. गार होतं, घट्ट होतं. त्यांनी मधला क्रेट ओढला, मग तळाचा. सगळा माल खणखणीत.

"तीन तास साडेछत्तीसवर उकडलेलं फळ हाताला बर्फासारखं लागतंय," बाई म्हणाल्या. "एकतर मी वेडी, नाहीतर हा पडदा."

मग त्यांनी क्रेटवरची चिठ्ठी वाचली. बाग ताईची होती, त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीची.

ताईचा माल आधी दोनदा परत गेला होता, आणि दोन्ही वेळा तो बाईंनीच परत पाठवला होता. पडदा तेव्हा हिरवागार होता. पण पहिल्या खेपेला वास आला, दुसऱ्या खेपेला गाभ्यात अळी निघाली, आणि बहीण म्हणून बाईंनी डोळेझाक केली नाही. साहेबांनी तेव्हा चारचौघांत पाठ थोपटली होती. ताईने मात्र बोलणं टाकलं ते टाकलंच. आठ महिने फोन नाही की निरोप नाही. आणि इथला नियम असा की परत गेलेल्या मालालाही लाल शेरा पडतो, आणि असे तीन शेरे पडले की बाग यादीतून कायमची बाद. जवळपास दुसरं शीतगृह नाही. बाद म्हणजे ताईने पोटच्या पोरांसारखी वाढवलेली झाडं तोडायची, दुसरं काय?

"डबी कुठाय?" बाईंनी ड्रायव्हरला विचारलं.

डबी म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. क्रेटमध्ये ठेवायचं, वाटभर ते गारवा मोजतं आणि दारावर आलं की पडद्याला चहाडी सांगतं. ड्रायव्हरला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण दोन तासांच्या रस्त्याला तो तीन तास लावी, पण त्याच्या गाडीत कधी एक फळ दबलं नाही. सावकाशने स्वेटरच्या आत हात घातला, शर्टाचा खिसा चाचपला आणि सेफ्टी पिन सोडवून डबी पुढे केली.

"खिशात?"

"मागच्या महिन्यात क्रेटमध्ये एक हरवली होती ना, बाई. दोन दिवस मला इथे बसवून शोधायला लावली. म्हणून म्हटलं, या खेपेला छातीशी धरून आणू."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. साडेछत्तीस म्हणजे धडधाकट माणसाच्या अंगाची ऊब! यंत्राने तीन तास इमानेइतबारे सावकाशचा ताप मोजला होता, आणि माणसाला ताप नाही म्हणून नाशपाती नष्ट करायच्या होत्या.

तेवढ्यात साहेब आले. वयाने बाईंच्या मुलाएवढे. सगळे त्यांना पाठीमागे 'डॅशबोर्ड' म्हणत, कारण पडद्यावरच्या आकड्यांपलीकडे त्यांना काही दिसत नसे. बाईंनी सगळा प्रकार सांगितला. साहेबांनी तो नीट ऐकला, मान डोलावली आणि म्हणाले, "समजलं. पण नोंद झालीये. तुम्ही अंगठा लावा, माल मागच्या खड्ड्यात जाऊ दे."

"समजलं म्हणता आणि खड्ड्यात म्हणता?"

"हाताने फेरतपासणी केली की आपला विश्वासार्हतेचा आकडा घसरतो. चार वाजता पर्यावरणाच्या प्रमाणपत्रवाले येणार आहेत. शिवाय," साहेबांनी आवाज खाली आणला, "बाग तुमच्या बहिणीची. लोक काय म्हणतील?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाणारच! माल टाकायचा असला की यांना बाईंचं नाक चालत होतं, आणि वाचवायचा म्हटला की त्याच नाकाला नातं चिकटलं! भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'वाया गेलेलं अन्न: शून्य'. तो शून्य कसा येतो ते बाईंना ठाऊक होतं. धड फळावर निळा रंग फवारायचा, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही, ते खड्ड्यात लोटायचं आणि यादीत 'खत' असं लिहायचं. या वर्षी त्या खड्ड्याने गावजेवण होईल एवढं खाल्लं होतं.

"मी अंगठा लावणार नाही," बाई म्हणाल्या.

अंगठा नाही तर ट्रक हलणार नाही, आणि ट्रक हलला नाही तर तीन नंबरचं दार मोकळं होणार नाही. अर्ध्या तासात मागे सात गाड्या लागल्या. हॉर्न वाजायला लागले. ड्रायव्हर उतरून दारात गोळा झाले. साहेबांनी आधी समजावलं, मग नोकरीची आठवण करून दिली, मग घड्याळ बघितलं. बाई क्रेटवर मांडी ठोकून बसल्या होत्या.

"यंत्र खोटं बोलत नाही, बाई," साहेब शेवटी ओरडले.

"नाही ना? मग ठेवा खिशात." बाईंनी पडद्यावर 'नवी खेप' दाबलं आणि डबी साहेबांच्या शर्टाच्या खिशात सरळ घातली. "दहा मिनिटं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

एवढ्या ड्रायव्हरांसमोर डबी काढून टाकली असती तर साहेबांची पळपुटा म्हणून अब्रू गेली असती. ते तसेच उभे राहिले. दहा मिनिटांनी बाईंनी डबी काढून दारावर धरली. पडदा लाल झाला, बोंबलला. 'तापमान साडेछत्तीस. माल नष्ट करावा.'

"चला साहेब," बाई उठल्या, "खड्डा मागच्या बाजूला आहे. निळा रंग मी फवारते."

ड्रायव्हर फिदीफिदी हसले. साहेबांचे कान तापले. हातातला टॅब त्यांनी बाईंसमोर धरला. "ठीक आहे. शेरा काढतो. कारण निवडा."

कारणांची यादी दोन ओळींची होती. 'चालकाची चूक.' 'तपासनीसाची चूक.'

"तिसरी ओळ कुठाय?"

"कसली तिसरी?"

"यंत्राची चूक."

"तशी ओळ नसते, बाई."

सावकाश पुढे आला. "माझं टाका. डबी मीच खिशात ठेवली."

"तुमची गाडी सहा महिने बंद करतील. का, तर वस्तू हरवू नये म्हणून जपली!" बाई कडाडल्या. तपासनीसाच्या नावावर चूक पडली की काय होतं, हेही त्यांना पाठ होतं. वर्षभर फळाला हात लावायचा नाही. पडदा सांगेल तिथे अंगठा लावायचा, बस. बावीस वर्षांत एक डाग नव्हता. त्यांनी दुसरी ओळ दाबली, टॅब फुटेल इतक्या जोराने दाबली.

पडदा हिरवा झाला. ताईची नाशपाती आत गेली. साहेबांनी हुश्श केलं आणि ते पाहुण्यांची खोली बघायला पळाले. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि संन्याशाने स्वतःच मान पुढे केलेली! बाईंनी हातमोजा कोपऱ्यात भिरकावला. वर्षभर तो लागणार नव्हता.

फोन वाजला तेव्हा एक वाजला होता. आठ महिन्यांनी ते नाव फोनवर उमटलं होतं.

"मेसेज आलाय," ताई नमस्कार-चमत्कार न करता म्हणाली. "'तपासनीसाच्या चुकीमुळे आपला माल अडवला गेला, क्षमस्व.' तूच ना ती?"

"मीच."

"माझा माल दोनदा परत पाठवलास. दोन्ही वेळा मी घरी फळं कापून बघितली. दोन्ही वेळा तू बरोबर होतीस. ते तुला सांगायला माझी जीभ झडली होती, ते सोड. पण आज चांगल्या मालाला तू नावं ठेवलीस? मला काय खुळी समजतेस? कुणी मारलं हे तुझ्या माथी?"

एवढा वेळ बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र मनगटाने डोळे पुसावे लागले, आणि राग काही केल्या कमी होईना.

"ताई, यांच्या यादीत यंत्राची चूक लिहायला ओळच नाही गं."

"नाही? मी येते लिहायला. ते साहेब का कोण, तिथेच आहेत ना?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या शून्याकडे.

"चार वाजता पाहुणे पण आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आधी ये. आणि येताना मागच्या रस्त्याने ये, खड्ड्यावरून. फोटो काढत ये."