मागचे दोन

दुकानदाराने सगळ्यात आधी आमच्या डोक्यावरून हेलिकॉप्टर नेलं.

दुकानाच्या मागे एक बंद खोली होती. भिंतींना सतरंजीसारखं जाड कापड ठोकलेलं, खिडकी नाही, मधोमध एक सोफा. समोर तीन स्पीकर, पाठीमागे उंच स्टँडवर दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर धमधम करणारा एक काळा डबा. सोफ्यावर मधे अप्पा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी बायको. अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे.

"गेलं की नाही डोक्यावरून?" दुकानदाराने हौसेने विचारलं.

"गेलं," अप्पा म्हणाले. "आता परत नका बोलावू."

बायको खुदकन हसली. मला हसू आलं नाही. दीड वर्षात अप्पांच्या तोंडून निघालेली ती पहिली गंमत होती, मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

माझे वडील एकतीस वर्षं देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. एक गोष्ट धरायची, थोडी बोलायची, थोडी गायची, मधेच लोकांना हसवायचं, आणि हसता हसता अशा जागी नेऊन सोडायचं की माणसाचा हात आपोआप डोळ्यांकडे जावा. कागद कधी हातात नसे. पाठीमागे दोन पावलांवर आई बसायची, झांजा घेऊन. ताल तिने सांभाळायचा, ध्रुवपद तिने उचलायचं. उभं राहिल्यावर अप्पांनी वळून तिच्याकडे कधी पाहिलं नाही. तोंड लोकांकडे, पाठ तिच्याकडे, अशी एकतीस वर्षं.

अप्पा मधूनच अडत. क्षणभरच. मागे झांजेची कड किणकिणे आणि अप्पांना शब्द सापडे, मग गोष्ट अशी धावत सुटे की ते अडणंसुद्धा मुद्दाम केलेलं वाटावं. "मी काही पाठ करत नाही," ते घरी सांगत. "अडलो की वरून येतो शब्द." म्हणून दर गोष्टीच्या शेवटी ते उजवा हात वर करून देणाऱ्याचे आभार मानत.

आई गेल्यावर चार महिन्यांनी ते पुन्हा उभे राहिले. झांजांना शेजारचे मास्तर बसले होते. गोष्ट नावाड्याची होती, अप्पांनी शंभरदा सांगितलेली. धुकं दाटलं, किनारा दिसेना, आणि "तेव्हा त्या नावाड्याच्या हातातून..." इथे अप्पा अडले. थांबले. सभाही थांबली. कोणीतरी खोकलं. अप्पांनी पुन्हा म्हटलं, "हातातून..." मग त्यांनी लोकांना हात जोडले आणि खाली उतरले, ते उतरलेच.

डॉक्टरांनी त्यांना शंभरातून सात सात वजा करायला लावलं, महिने उलटे म्हणायला लावले. अप्पांनी सगळं चोख केलं आणि डॉक्टरांची एक वजाबाकी सुधारूनही दिली. "यांच्या आठवणीला काही झालेलं नाही," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

"मग झालंय काय अप्पा?" घरी येताना मी विचारलं.

"देणाऱ्याने हात आखडता घेतला," ते म्हणाले. नळाचं पाणी गेलं असं सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. त्या दिवसापासून देवाचं नाव त्यांच्या तोंडून ऐकू आलं नाही. गोष्टी गेल्या तर गेल्या, त्याचं मला एवढं नव्हतं. पण ज्याच्या भरवशावर हा माणूस आयुष्यभर उभा राहिला, त्याच्याशीच अबोला धरून हा जाणार की काय, ही भीती होती.

मी चष्म्याची भिंगं घासतो. दिवसभर चाकाची घरघर आणि पाण्याची बारीक धार. भिंगावर केसाएवढा ओरखडा असला तरी मला दिसतो. कानाचं मात्र मला काही कळत नाही. टीव्हीचा आवाज फाटला, तेव्हा बायकोने होम थिएटरचा हट्ट धरला. मीही हो म्हणालो, कारण माझ्या मनात दुसरंच होतं. अप्पांच्या जुन्या कॅसेटी मी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. घरातल्या जुन्या टेपवर त्या लावल्या की नुसते अप्पाच ऐकू येत. आईच्या झांजा कुठेतरी मोरीत चमचे पडावेत तशा. चांगल्या स्पीकरवर ऐकलं तर अप्पांना उभारी येईल, असं वाटलं. अप्पा यायला तयार झाले, पण कारण वेगळं सांगितलं. "कुठे चुकलो ते तरी कळेल."

दुकानदाराला मी आमची ऐपत पहिल्या वाक्यातच सांगून टाकली होती. तोही सरळ माणूस निघाला.

"हे बघा साहेब, एवढ्यात दोन गोष्टी बसतात. एकतर हा पाच स्पीकरचा तयार खोका. दिसायला भरगच्च, पण आवाज पत्र्याचा. नाहीतर चांगल्यातले दोनच घ्या, पुढे टीव्हीच्या दोन्ही बाजूंना लावा, बाकीचे सवडीने. सोबत हे मशीन. झाकणावर ओरखडा आहे, गिऱ्हाइकाने परत केलं, म्हणून स्वस्तात."

"दोनच?" बायको म्हणाली. "मग ते हेलिकॉप्टर?"

"ते टीव्हीतून निघेल आणि टीव्हीतच उतरेल, वहिनी."

"अहो, पाचच घ्या," तिने मला कोपर मारलं. "पत्र्याचा तर पत्र्याचा. आपल्या घरात कोणाचा आवाज मोठा सोन्याचा लागून गेलाय?"

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. "आधी हे लावा. यावर ठरवू."

"जुनं आहे वाटतं," दुकानदार बटणं दाबत म्हणाला. "असल्या रेकॉर्डिंगला हे मशीन चाळणी लावतं. माइकसमोरचा आवाज पुढे ठेवतं, आणि आजूबाजूचा, मागच्या भिंतीवरून आलेला, तो मागच्या दोघांकडे पाठवतं. बघा, सभेत बसल्यासारखं वाटेल."

आधी खरखर. मग समोरून अप्पा. तरणा, भरलेला आवाज, मधल्या स्पीकरमधून असा आला की सोफ्यावरच्या अप्पांनी मान खाली घातली. नावाड्याची गोष्ट. धुकं दाटलं. किनारा दिसेना.

"तेव्हा त्या नावाड्याच्या हातातून..."

समोरचा आवाज थांबला. आणि आमच्या पाठीमागे, कानापासून हातभर अंतरावर, झांजेची कड किणकिणली आणि आई म्हणाली, "वल्हं."

हळूच. झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण ओढताना बोलावं तितकं हळू.

"...वल्हं सुटलं!" समोरून अप्पा गरजले आणि गाणं सुरू झालं.

बायकोने माझं मनगट धरलं. दोघांनीही मागे वळून पाहिलं. मागे स्टँडवर दोन काळे खोके होते, बाकी काही नाही. अप्पा वळले नाहीत. त्यांची मान ताठ झाली होती. गोष्ट पुढे चालली. अप्पा अडले, कड किणकिणली, "पहाट." पुन्हा अडले, "भाकरी." पुन्हा, "लेकरू." एका गोष्टीत अकरा वेळा. मी मोजत नव्हतो, अप्पा मोजत होते. मांडीवर एकेक बोट मिटत होते. आणि शेवटी समोरचा तरणा अप्पा म्हणाला, "हे देणाऱ्या, शब्द तुझा, मी नुसतं तोंड!" तेव्हा मागे आईने बारीकसा श्वास सोडला. हसली असावी.

दुकानदाराने आवाज बंद केला. "मागे बसलेल्या बाई कोण हो? फार छान सांभाळून घेतात."

मी म्हणालो, "हे मागचे दोन द्या. आणि मशीन."

"म्हणजे पुढे लावायला ना?"

"नाही. मागेच."

"साहेब, मागचे दोन एकटे कोणी घेत नाही. पुढे काहीच नाही आणि मागून आवाज? पाहुणे घाबरतील."

"येतात कुठे आमच्याकडे पाहुणे," बायको म्हणाली. डोळे पदराने पुसत होती, पण तोंड थांबलं नव्हतं. "द्या हो तुम्ही. हेलिकॉप्टर नको मला."

बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले. खोका माझ्या मांडीवर. तीन थांबे गेल्यावर ते म्हणाले, "तू कधी ऐकलं होतंस?"

"नाही."

"मी ऐकत होतो. शब्द म्हणून नाही. किणकिण व्हायची आणि तो आत उमटायचा. मला वाटायचं..." ते थांबले. "एकतीस वर्षं मी हात वर केला. मागे करायला हवा होता."

"तिने कधी सांगितलं का नाही?"

"तेच विचारायचंय तिला," अप्पा म्हणाले. आवाजात राग होता. "लोकांसमोर उभं करून फसवलं मला. आणि त्या वरच्यालाही. त्याचे आभार ही घेत बसली."

घरी आल्यावर त्यांनी ते वाजवू दिलं नाही. मी अप्पांच्या खुर्चीच्या मागे, दोन पावलांवर, दोन स्टुलांवर स्पीकर मांडले, तारा जोडल्या, मशीन टीव्हीखाली ठेवलं. बस. आठ दिवस तसंच. बायको फडकं मारायची ते लांबूनच, हात ताणून.

"आई जिवंत असताना मी काही करायला घेतलं की मागे येऊन उभ्या राहायच्या," ती मला म्हणाली. "आता तुम्ही कायमच्या बसवून ठेवल्यात."

"काढू का?"

"मी काढा म्हणाले का?"

एक गोष्ट मात्र न ठरवता झाली. अप्पांची खुर्ची आणि ते दोन स्पीकर यांच्या मधून कोणी जाईना. स्वयंपाकघरात जायचं तर पलंगाला वळसा घालून. मीसुद्धा.

नवव्या दिवशी कामावरून आलो तेव्हा दारातच मला आईचा आवाज आला. अप्पांनी मशीन लावलं होतं. पुढे स्पीकर नाहीत, त्यामुळे गोष्ट सांगणारे अप्पा जवळजवळ नाहीतच. उरलेल्या होत्या झांजा, ध्रुवपद, लोकांचं दूरचं हसू, आणि मधे मधे तिचा एकेक शब्द. पुढची जागा रिकामी होती. अप्पा खुर्चीतून उठून त्या जागी उभे राहिले होते, पाठ तिच्याकडे करून. ओठ हलत होते.

रोजचंच झालं मग ते. आधी ओठ, मग पुटपुट, मग आवाज. कॅसेटीतल्या सगळ्या गोष्टी त्यांनी तिच्याबरोबर पुन्हा सांगितल्या. रिकाम्या खोलीत, समोर टीव्हीचा काळा पडदा. मी दाराशी बसायचो. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. वडील परत येत होते, हे दिसत होतं. पण कुठून येत होते, आणि येता येता कोणाला घेऊन येत होते, हे कळत नव्हतं. देवाचं नाव अजून आलं नव्हतं. गोष्ट संपली की हात ना वर जायचा, ना मागे. नुसता खाली लोंबकळायचा.

परवा सकाळी मला सुट्टी होती. वीज गेलेली. पंखा थांबलेला, खोलीत खिडकीतून आलेला उजेड. अप्पा उठून आपल्या जागी उभे राहिले.

"मशीन लागणार नाही अप्पा," मी म्हणालो.

"ठाऊक आहे."

त्यांनी एक नवी गोष्ट धरली. विहीर खणणाऱ्याची. ही कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हती, मी कधी ऐकली नव्हती. एक म्हातारा माळावर एकटा खणतो आहे, गाव हसतं आहे, बायको रोज बांधावर बसून माती मोजते आहे. अप्पा रंगले. हात फिरू लागले. स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको ओल्या हातांनी येऊन उभी राहिली.

"आणि शेवटची कुदळ बसली," अप्पा म्हणाले, "तसा त्या अंधारातून वर आला, वर आला तो..."

अडले.

मला झरा म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. अप्पांनी न वळता तळहात माझ्याकडे केला, थांब. खोलीत काही हललं नाही. त्यांच्या मागे, दोन पावलांवर, धातूच्या कडेला कड लागावी तशी बारीक किणकिण झाली. आईच्या झांजा कपाटात होत्या, फडक्यात गुंडाळलेल्या. मशीनचा हिरवा दिवा विझलेला होता.

"गारवा!" अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "पाणी नव्हे रे बाबांनो, पाणी मागाहून. आधी गारवा! देव येतो तो असा, दिसायच्या आधी अंगाला लागतो."

शेवटाला त्यांनी उजवा हात वर केला. डावा मागे. तसेच उभे राहिले, किती तरी वेळ.

बायकोने मला खूण केली, डोळ्यांनीच, मागे बघा म्हणून. मी नाही म्हणून मान हलवली. अप्पा एकतीस वर्षांत कधी वळले नव्हते. मी कोण?