पहिल्या खुणेनंतर थांबणं

मी एक लायब्ररी आहे, पण पुस्तकांची नव्हे. कीबोर्डचं कोणतं बटण दाबलं ते ओळखून इतर प्रोग्रॅमना सांगणं, हे माझं काम. १९८६ साली आमच्या बेटावरच्या बो बासें गावातल्या एका कचेरीत चंद्रमोहननं मला लिहिलं.

बाणाचं बटण दाबलं की माझ्याकडे तीन खुणा येतात. पहिली अगदी ‘रद्द’च्या बटणासारखी. पुढच्या दोन आल्या तर बाण, नाहीतर रद्द. चंद्रमोहनचं टर्मिनल, म्हणजे पडदा नि कीबोर्ड, संगणकाला लागूनच होतं, खुणा धावत येत. म्हणून त्यानं मला जेमतेम क्षणभर थांबायला शिकवलं.

पुढे क्युरपिप गावातलं एक विमान-तिकिटांचं दुकान टेलिफोनच्या तारेनं मला जोडलं गेलं. तिथं तिकिटं काढून द्यायला सुनयना बसे.

त्या दिवशी चक्रीवादळाचा दुसरा इशारा लागला होता. तिसरा लागला की विमानतळ बंद. लाँग माउंटन गावची देवकी सुनयनासमोर उभी होती. तिचा नवरा हरिलाल शेजारच्या रेयुनियन बेटावर इस्पितळात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया. शेवटच्या विमानात एकच जागा उरली होती.

सुनयनानं ती धरली. नावाच्या ओळीवर जायला बाण दाबला. भिजलेल्या तारेतून पहिली खूण आली, दुसरी येईना. मी सांगितलं, रद्द. जागा सुटली.

“आयो! सुटली की!”

“कुणी घेतली का गं?” देवकी पुढे वाकली.

“अजून नाही, मावशी. पण दुसऱ्या दुकानांनाही दिसतेय ती.”

पुन्हा धरली, पुन्हा सुटली. सुनयनानं चंद्रमोहनला फोन लावला.

“इथं तर छान चालतंय,” तो म्हणाला.

“मग मावशीला तुझ्याच कचेरीतून उडव! वीत, वीत! लवकर कर काहीतरी!”

मग मला उघडून त्यानं माझी थांबायची मुदत वाढवली. देवकी रेडिओकडे कान लावून होती.

पुन्हा जागा, पुन्हा बाण. पहिली खूण आली. मी थांबले. काहीच नाही. अजून थांबले. दुसरी आली. आणि तिसरी! बाण. देवकीचं नाव भरलं गेलं.

विमान उडालं का, हरिलाल वाचला का, मला कोण सांगणार? दुकानाबाहेरचं मला फक्त बटणांतून कळतं.

वादळ सरल्यावर सुनयनाची बोटं पुन्हा चालू लागली. रेयुनियनहून परतीचं तिकीट. नाव, देवकी. जागा किती? बोट थबकलं. मीही. मग बटण आलं: दोन.

आता ‘रद्द’ दाबणारे मला मंद म्हणतात. मुदत पुन्हा कमी करू, असं चंद्रमोहनही म्हणतो. बाबांनो, तारेच्या त्या टोकाला कोण उभं आहे ते आधी विचारा. मग खुशाल मुदत कापा.