नऊ ठिपके

"थांब. अंगठा उचल," आत्या म्हणाली.

पुतण्याने अंगठा उचलला नाही, पण थांबवला. त्याच्या हातातल्या फोनवर एक पांढरी चौकट उघडली होती. तिच्यात तीन अक्षरं टाइप करायची होती आणि त्यातली दोन झालीही होती.

"काय लिहिलंय ते वाच."

"आत्या, रोज दहा वेळा बघतो मी हे."

"बघतोस. वाचत नाहीस. मोठ्याने वाच, काकांना ऐकू जाऊ दे."

काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. पुतण्याने एक उसासा टाकला आणि एका दमात वाचून टाकलं, "फोनमधली सर्व माहिती कायमची पुसली जाईल, परत आणता येणार नाही, पुढे जायचं असल्यास येस लिहा. झालं?"

"सर्व म्हणजे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"सर्व म्हणजे सर्व, काका. फोन नव्यासारखा होईल. तुम्हीच म्हणालात ना, काहीही करा पण चालू करा?"

"अहो, चालू करा म्हणजे आतलं तसंच ठेवून चालू करा." म्हातारा स्टुलावरून उठला. "एकोणतीस वर्षं बस चालवली मी. सगळे पॅसेंजर वाटेत उतरवायचे आणि गाडी वेळेवर पोचवली म्हणायचं, असं झालं हे."

आत्याने पुतण्याच्या हातातून फोन काढून घेतला, टाइप केलेली दोन अक्षरं पुसली आणि ते पान बंद केलं. मग ती खुर्चीत बसली. सकाळचे साडेदहाच वाजले होते, पण तिच्या कमरेत संध्याकाळ झाल्यासारखी वाटत होती.

"बसा ड्रायव्हरसाहेब. पहिल्यापासून सांगा."

सांगण्यासारखं फार नव्हतं. फोन त्यांच्या बायकोचा. जुना झाला, अडकायला लागला, तेव्हा जावयाने तो रूट करून दिला होता. म्हणजे कंपनीने फोनला लावलेली कुलपं काढून सगळ्या किल्ल्या स्वतःच्या हातात घेतल्या, नको ते सामान बाहेर फेकलं आणि मागच्या दाराला, फोन बिघडला तर आत शिरायच्या वाटेला, आपल्या पसंतीची रिकव्हरी बसवली. त्यानंतर फोन पळायला लागला. जावई लेकीला घेऊन परदेशी गेला. जाताना त्याने एकच सांगितलं होतं, की कंपनीचं अपडेट आलं तर हात लावू नका.

"मग लावलात," आत्या म्हणाली.

"ही हॉस्पिटलात होती. मी बाहेर बाकावर बसलेलो. फोन म्हणाला, नवीन करू का? म्हटलं कर बाबा, कुणाचं तरी नवीन होऊ दे."

अपडेट आत शिरायला गेलं आणि मागच्या दाराशी अडकलं. कंपनीचं अपडेट कंपनीची रिकव्हरी शोधत होतं, ती तिथे नव्हती. आता फोन कितीही वेळा चालू केला तरी पुढच्या दाराने उघडतच नव्हता. फिरून फिरून रिकव्हरीच्या त्याच पानावर येत होता.

"अपडेटचा हा अडकलेला हुकूम पुसता येतो," आत्या म्हणाली. "त्याला फॉरमॅट लागत नाही."

"तो पुसून तरी फोन उठेल याची खात्री आहे का?" पुतण्याने विचारलं. "अर्धं अपडेट घुसलेलं असलं तर? उठला नाही तर शेवटी फॉरमॅटच. दोन तास घालवून."

"म्हणून आधी आतलं बाहेर काढून घ्यायचं. मग त्याला हात लावायचा."

"काढ ना. पॅटर्न कुठाय? काकांना येत नाही. पॅटर्नशिवाय आत सगळा भुसा दिसतो."

ते खरं होतं. रिकव्हरी नऊ ठिपके दाखवून पॅटर्न मागत होती. तो न देता आत गेलं तर फोल्डरच्या नावांच्या जागी नुसती अक्षरांची खिचडी दिसत होती. फोन चालू असताना ड्रायव्हर स्वतःच्या बोटाच्या ठशाने तो उघडायचा. या मागच्या दाराला ठसा कळत नव्हता.

"आत आहे काय एवढं?" आत्याने विचारलं.

ड्रायव्हरने खिशातून रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

"तिचे शब्द आहेत," तो म्हणाला. "दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बोलणं शिकवणाऱ्या ताई यायच्या. रोज एक शब्द. तो आला की रेकॉर्ड करून ठेवायचा. सहाशे अकरा झाले. भांडायला लागली होती माझ्याशी, इतकी सुधारली. वीस दिवसांपूर्वी दुसरा झटका आला. सगळे गेले परत. ताई म्हणतात, तुमच्या आवाजापेक्षा तिला तिचाच आवाज ऐकवा, त्याने कदाचित येतील. आता तिचा आवाज ह्याच्यातच आहे. दुसरीकडे कुठे नाही."

पुतण्याने स्क्रूड्रायव्हरचा डबा उगीच सरळ केला.

"पॅटर्न कोणी घातला होता?"

"तिनेच. फोनने मागितला की मी तिच्यापुढे धरायचो, ती काढायची. मी कधी बघितलं नाही. कशाला बघायचं?"

आत्याने पिशवीत पॉवरबँक, केबल आणि दोन पेनड्राइव्ह टाकले.

"निघाली कुठे?" पुतण्या म्हणाला. "आत्या, त्या बाईंना बोलता येत नाही."

"मला कुठे वाचता येत होतं?" आत्या म्हणाली आणि चपला घातल्या.

भावाच्या दुकानात ती अगदी पहिल्यापासून बसत आली होती. आधी घड्याळं, मग रेडिओ, मग मोबाइल. अक्षरओळख नव्हती, पण हात चांगला होता. फोन दुरुस्तीत पडद्यावरची पाटी तिला वाचावी लागत नसे. वरचं डावं बटण, त्याच्या शेजारचं, खालून दुसरं, अशा जागा तिच्या बोटांना पाठ होत्या. कोणाला कळतही नसे. मग एक दिवस रिकव्हरी नवीन आली आणि तिच्यात बटणांच्या जागा बदललेल्या होत्या. तिचं बोट सवयीने प्रत जपायच्या बटणावर गेलं, तिथे आता पुसायचं बटण होतं. पट्टी सरकवली. फोन एका शिंपीणबाईचा होता. अकरा वर्षांच्या गिऱ्हाइकांच्या मापांचे फोटो तिने त्यात ठेवले होते. शिंपीणबाई ओरडली नाही. तिथल्याच स्टुलावर बराच वेळ बसली आणि म्हणाली, "असू दे. माणसं पुन्हा बोलवून मापं घेईन. काही आता येणार नाहीत, पण असू दे."

पुढच्या सोमवारपासून आत्या प्रौढांच्या वर्गाला जायला लागली. तेव्हा तिला त्रेपन्नावं चालू होतं. तेव्हापासून ती प्रत्येक पाटी बोट ठेवून, ओठ हलवून वाचते. गिऱ्हाइकं हसतात. पुतण्या म्हणतो, आत्या, तुझं वाचून होईपर्यंत फोन जुना होतो.

ड्रायव्हरचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला. आत्या प्रत्येक वळणावर थांबत होती. ड्रायव्हरही थांबत होता, आणि कोणी कोणासाठी थांबलं ते दोघंही बोलत नव्हती.

बायको खिडकीजवळच्या खुर्चीत होती. केस विंचरलेले, पण भांग वाकडा. तो नवऱ्याने पाडलेला असणार.

"हे बघ कोण आलंय," ड्रायव्हर म्हणाला. "फोनच्या डॉक्टरीणबाई. तुझा फोन बरा करणार."

"ते," ती म्हणाली. "ते. ते."

"हो, तेच. तोच फोन."

आत्या तिच्या शेजारी स्टुलावर बसली. फोन पॉवरबँकेला लावला, नऊ ठिपक्यांचं पान आणलं आणि तिच्यापुढे धरलं. बाईने बघितलं. तिला कळलं, हे तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं. तिने डावा हात उचलला, तर्जनी ठिपक्यावर ठेवली आणि ओढली. चूक. पुन्हा ओढली. पुन्हा चूक. चौथ्या वेळेला तिने बोट मध्येच उचललं, पाचव्या वेळेला फोनच ढकलून दिला. आत्याने तो पडता पडता धरला.

"ते!" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"राहू द्या बाई," ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला. "दमली ती. तिला नाही आठवत. तुमचा पुतण्या म्हणत होता ते करू. फोन तरी चालू होईल."

आत्या बाईच्या हातांकडे बघत होती. डावा खुर्चीच्या हातावर घट्ट आवळलेला. उजवा मांडीवर ठेवून दिल्यासारखा.

"धडधाकट होत्या तेव्हा फोन कुठल्या हातात धरायच्या?"

"उजव्या. एकाच हातात. डाव्या हातात हिच्या कायम काहीतरी असायचं, झारा म्हणा, पिशवी म्हणा."

"आणि पॅटर्न?"

ड्रायव्हर आठवू लागला. "त्याच हाताने. अंगठ्याने. पहिल्या झटक्यानंतरसुद्धा तोच वापरायची. मी म्हणायचो डाव्याने कर, तर ऐकायची नाही."

"आता हलतो का उजवा?"

"अंगठा थोडासा. इतकासाच."

आत्याने बाईचा उजवा हात उचलून आपल्या तळहातावर घेतला. तो जड होता आणि गार होता. तिने फोन त्या हातात ठेवला, खालून आपल्या बोटांनी आधार दिला आणि बाईचा अंगठा पडद्याजवळ आणला. मग डाव्या हातात शेजारची पाण्याची बाटली दिली. ड्रायव्हर बघत राहिला.

"पडद्याकडे बघू नका," आत्या बाईला म्हणाली. "माझ्याकडे बघा. ह्यांनी भांग कसा पाडलाय बघितलंत का आरशात? नदी तरी सरळ जाते."

बाईने नवऱ्याकडे बघितलं. तिच्या तोंडाची एक बाजू हलली.

"मला सांगायचं ना," ड्रायव्हर म्हणाला. "मी वळणावळणाचा माणूस."

अंगठा हलला. फार नाही, गव्हाच्या दाण्याएवढा. आत्याने तो धरला नाही, ढकलला नाही. तो ज्या बाजूला जायला बघत होता, त्याच्या उलट बाजूला तिने खालून फोन सरकवला. अंगठा जागेवरच राहिला आणि त्याच्याखालून ठिपके गेले. एक. दोन. मग अंगठा खाली वळला, आत्याने फोन वर नेला. बाई नवऱ्याच्याच तोंडाकडे बघत होती. अंगठा थरथरला, थांबला. मग अंगठा तिरका निघाला.

चूक.

"परत," आत्या म्हणाली. "माझंच मागे राहिलं. तुमचं बरोबर होतं."

तिसऱ्या खेपेला ठिपके गेले आणि रिकव्हरीचं मुख्य पान आलं.

आत्याने फोन स्वतःकडे घेतला. फोल्डर उघडलं. खिचडी गेली होती. सरळ, वाचता येणारी नावं होती. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "चमचा. जिना. उशी. नको. खिडकी. गाडी."

"ती नावं मी टाकायचो," ड्रायव्हर म्हणाला. "ताईंनी सांगितलं होतं, तारखेने ठेवू नका, शब्दाने ठेवा."

आत्याने सगळं दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. पाऊण तास लागला. ड्रायव्हरने चहा केला, त्यात साखर दोनदा पडली होती. सहाशे अकरा फायली भरल्यावर तिने अडकलेल्या अपडेटचा हुकूम पुसायला घेतला. समोर आलेली पाटी पूर्ण वाचली, ड्रायव्हरला वाचून दाखवली, मगच पट्टी सरकवली. फोन बंद झाला. बराच वेळ काळा राहिला. मग पुढच्या दाराने उघडला.

तिने एका कागदावर नऊ ठिपके काढले, त्यांवरून अंगठ्याची वाट ओढली आणि कागद ड्रायव्हरला दिला.

"हा जपून ठेवा. आणि फोन काही विचारेल तर नाही म्हणा. काहीही विचारलं तरी."

"आता कोण विचारतंय," ड्रायव्हर म्हणाला. तो कागदाकडे बघत होता. "एवढंसंच होतं होय."

आत्या निघाली तेव्हा बाईचा उजवा हात पुन्हा मांडीवर होता. अंगठा साडीवर हळूहळू हलत होता. आधी आडवा, मग खाली, मग तिरका.

जिन्याच्या पहिल्या वळणावर आत्या कठडा धरून थांबली. गुडघे दुखत होते. वर दार उघडंच होतं. फोनमधून बाईचा जुना आवाज आला, अडखळत, रागावल्यासारखा. "खि. खिड. खिडकी." त्यानंतर काही नाही. मग पुन्हा तेच. "खि. खिड. खिडकी." पुन्हा काही नाही. खालून कोणाचीतरी सायकल गेली. तिसऱ्यांदा फोनचा आवाज आला, मग पुन्हा मध्ये शांतता पडली. ती जरा लांबली.

"शाब्बास," ड्रायव्हरचा आवाज आला.

मधल्या शांततेत बाईने काही म्हटलं होतं का, ते जिन्यावरून कळण्यासारखं नव्हतं. आत्या कठड्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरायला लागली.