नखातलं रक्त

"नखात रक्ताचा टिपूस नाही जी हिच्या, अन् तुमी रक्त दहा काहून म्हणून राहिले?" रुपरावने बायकोचा हात पुढे केला. तुळसाबाई मान खाली घालून बसली होती.

"काय गा, डॉक्टर होय का तू?" कृष्णकांत नळीवरून नजर न काढता म्हणाला. "तू नखं पाहा, मी नळी पाहतो. तेवीस वर्षं तेच करून राहिलो."

धंतोलीतल्या एका इस्पितळात तो रक्त तपासायचा. सगळ्यांना तुच्छ लेखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. गावंढळ लेकाचे! बाईचं अंगावरून जाणं वर्षभर लपवायचं आणि वर इथे येऊन अक्कल शिकवायची. डॉक्टरही त्याच माळेचे मणी. बोटाचं रक्त आम्लात घालून, थेंब थेंब पाणी टाकत, त्याचा रंग शेजारच्या तपकिरी काचेशी जुळवायचा आणि पाणी नळीवरच्या ज्या आकड्यापर्यंत चढलं तो वाचायचा. एवढं साधं काम, पण त्यांच्या हातून होईल तर शपथ! उजेड हवा म्हणून ती काच त्याने खिडकीत ठेवली होती. नागपूरचं ऊन सात वर्षं तिच्यावर पडत होतं.

गर्भाशयातल्या कॅन्सरच्या गाठीला किरणांचा शेक द्यायचा तर रक्त दहा हवं, नाहीतर आधी रक्ताची बाटली चढवायची. रुपराव स्वतःचं रक्त द्यायला बाही वर करून उभा होता. कृष्णकांतने दहाचा कागद त्याच्या हातात ठेवला आणि बाही खाली करायला लावली.

सात-आठ महिन्यांनी डॉक्टर प्रेमलता नव्याने आल्या. कालची पोरगी, कृष्णकांत मनात म्हणाला. त्यांनी नवी काच आणून जुनीच्या शेजारी धरली. जुनी पार विटली होती.

"फिक्या रंगाशी जुळवायला पाणी जास्त लागतं, कृष्णकांतराव, म्हणून आकडा फुगतो. तुमचे दहा म्हणजे खरे सात. आणि रक्त कमी असलं की गाठीला आत प्राणवायू पोचत नाही. असली गुदमरलेली गाठ मोठी चिवट, शेकाला दाद देत नाही."

त्याच आठवड्यात रुपराव आला. एकटाच. खिशात तो घडी पडलेला कागद होता.

"बाई गेली जी. रक्त त दहा होतं, मंग काहून गेली?"

सांगून टाक, मेल्या, कृष्णकांतने स्वतःला बजावलं. जन्मात एकदा तरी खरं बोल.

"गाठ जुनी होती," तो म्हणाला.

"तसंच असंन." रुपरावने कागद नीट घडी करून परत खिशात ठेवला. "तवा तुमाले उलटून बोललो, मनावर घेऊ नका. आमाले काय समजते नखातलं."

तो गेला. कृष्णकांतला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

पुढच्या बाईने सवयीने बोट पुढे केलं. त्याने सुई बाजूला ठेवली, तिचा हात उजेडात धरला आणि एकेक नख पाहू लागला.

"काय झालं जी?" बाई घाबरून म्हणाली.

त्याने तिचा दुसरा हातही उजेडात धरला.