मधलं टेबल

पंचफुलाबाईंनी नातीचं मनगट धरलं. साक्षीच्या मुठीतला ओला कागदी रुमाल खाली पडला, तरी त्यांनी हात सोडला नाही.

"काय करून राह्यली तू?"

"टेबल पुसतेय, आजी." सहा वर्षांची साक्षी गोंधळली. "अशूनं वरण सांडलं ना."

"तुले कोनं सांगतलं पुसाले?"

साक्षीने आईकडे पाहिलं. सरिता तीन वर्षांच्या अश्वजितचे हात पुसत होती. मोठ्यांचं जेवण अजून चालू होतं, पण मुलांच्या ताटल्या तिने एकीवर एक रचून ठेवल्या होत्या, चमचे वरच्या ताटलीत, उष्टे कागद वाटीत गोळा केलेले. वाढप्याला करायला काही उरलंच नव्हतं.

"आई, तिकडची सवय आहे हो," सरिता म्हणाली. "बाहेर जेवायला गेलो की आवरूनच निघतो आम्ही."

"आपन पैसे देऊन जेवतो का फुकट?"

"आई, सोड न तिचा हात," प्रसेनजित हळूच म्हणाला. "लोक पाहून राह्यले."

"पाहू दे."

कामरगावला नातलगांकडे जाऊन ते रिठदला परतत होते. कारंजा ओलांडल्यावर अश्वजित भुकेने रडायला लागला, म्हणून रस्त्यालगतच्या या नव्या फॅमिली रेस्टॉरंटसमोर प्रसेनजितने गाडी थांबवली. आत शिरताच तो दाराजवळच्या, चपला काढून ठेवतात तिथल्या टेबलाशी जाऊन बसला. मधली टेबलं रिकामी होती. पंचफुलाबाईंना ते तेव्हाच खटकलं होतं. पण जर्मनीहून तीन वर्षांनी आलेला लेक, चार दिवसांचा पाहुणा, म्हणून त्या बोलल्या नव्हत्या.

आता मात्र त्यांना राहवेना.

त्यांच्या लहानपणी बाजाराच्या दिवशी वडील त्यांना तालुक्याला न्यायचे. स्टँडावरच्या हॉटेलाबाहेर टिनाच्या पत्र्याला एक खिळा होता आणि खिळ्याला कान तुटलेला कप. वडील उकिडवे बसून त्यातून चहा प्यायचे. मग कप पंचफुलाकडे द्यायचे. नळाखाली तो धुऊन, पाणी झटकून, पुन्हा खिळ्याला अडकवायचं काम तिचं. धम्म घेऊन झाला, घरातले देव गेले, तरी तो कप बरीच वर्षं तिथंच होता. लग्नानंतर माणिकरावांनी तिला त्याच हॉटेलात नेलं आणि गल्ल्यासमोरच्या मधल्या टेबलावर बसवलं. चहा संपल्यावर तिचा हात आपोआप कपाकडे गेला, तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत तिचं मनगट धरलं होतं. "राहू दे तिथंच," एवढंच म्हणाले होते. माणिकराव होते तोवर ते कुठल्याही हॉटेलात मधल्या टेबलाशिवाय बसले नाहीत. ते रिकामं नसलं तर उभे राहायचे.

पंचफुलाबाई उठल्या.

"लखन!" वाढप्याचं नाव त्यांनी मघाशीच विचारून घेतलं होतं. "आमचं सारं त्या मधल्या टेबलावर आन, बापू."

"आणतो न मावशी. तुमी नुसत्या बसा जाऊन. तिथं पंखा बी चांगला लागते."

सरिता ताटल्यांकडे वळली.

"तू नोको उचलू. तो आनते."

सगळे मधल्या टेबलाशी गेले. प्रसेनजित शेवटी आला. त्याने खुर्ची जोरात ओढली.

"काय तमाशा हाय हा, आई? कोनी काय म्हटलं का आपल्याले? मीच बसलो होतो दाराजवळ. पोरगं रडलं की पटकन बाहेर नेता येते."

"काहून बाहेर न्याचं?"

"लोकाईले तरास होते. तिकडं लहान लेकरं घेऊन गेलं की असंच रायते. मागच्या हिवाळ्यात हॉटेलात अशू रडला, तं ते आमाले बाहेरच्या अंगनातल्या टेबलावर बसा म्हनले. त्यात काय एवढं? लेकरावाल्या सगळ्याईलेच सांगतात ते."

"लेनाला नाही सांगितलं," साक्षी म्हणाली.

प्रसेनजितने तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या वर्गातली लेना, आजी. तिचा भाऊ पण रडत होता, अशूपेक्षा जोरात. ते आतच बसले होते. मी काचेतून तिला हात केला."

लखनने पाण्याचा जग ठेवला. सरिता जगाच्या कडेवरून खाली ओघळणारा थेंब पाहत राहिली.

"साक्षी, आईस्क्रीम खाशील का?" प्रसेनजितने विचारलं.

"मंग?" पंचफुलाबाईंनी विषय सोडला नाही. "मंग तू काय केलं?"

"काय करनार? थंडी होती. लवकर लवकर जेवलो." तो पोळीचा तुकडा मोडत राहिला, खाल्ला नाही. "आवरलं अन् निघालो."

इतका वेळ पंचफुलाबाईंना राग लेकावर होता, आणि तो नीट धरता येत होता. आता तो कुणावर धरावा ते कळेना. ज्यांच्यावर धरायचा ते फार लांब होते, त्यांचं तोंडही पंचफुलाबाईंनी पाहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात अश्वजितने जग ओढला. सरिताने तो काढून घेतला आणि पोराने भोकाड पसरलं. समोरची भाताची वाटी त्याने भिरकावली. शितं टेबलाखाली, गल्ल्यापर्यंत उडाली.

प्रसेनजित अर्धवट उठला. त्याचे हात पोराच्या काखेत गेलेसुद्धा.

"बस."

"आई, अवं—"

"बस म्हनलं न. रडू दे त्याले. जेवून राह्यलो आपन."

तो बसला. पोरगं भर हॉटेलात, मधोमध, लालबुंद होऊन रडत राहिलं. प्रसेनजितची मान खाली गेली होती, कान तापले होते. कोपऱ्यातल्या टेबलावरचा फेटेवाला म्हातारा वळला.

"कोनाचं लेकरू हाय बाप्पा? पुढं सरपंच होते हे! माईक लागत नाई याले!" तो म्हणाला आणि परत शेवभाजीकडे वळला.

रडणं हळूहळू हुंदक्यांवर आलं. लखनने अश्वजितच्या हातात पापड दिला, तेव्हा तेही थांबलं.

प्रसेनजित कधी वाकला ते त्यालाही कळलं नसावं. खुर्चीवर बसल्या बसल्या तो टेबलाखाली फरशीवरची शितं वेचत होता, एकेक करून, मुठीत.

साक्षी खुर्चीवरून उतरली. वाकून तिने बापाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"राहू दे, बाबा."

प्रसेनजितने वर पाहिलं. पंचफुलाबाई गल्ल्याकडे पाहत होत्या.

"लखन," त्यांनी गरजेपेक्षा मोठ्याने हाक मारली, "चहा आन आमाले. कपातच आन. अन् चांगला कप पाहून आन."

चहा आला. कानाचे, पांढरे कप. प्रसेनजितची उजवी मूठ मांडीवर अजून मिटलेलीच होती. त्याने डाव्या हाताने कप उचलला.