खंडेनवमीचा जम्पर

खंडेनवमीला विळे-खुरप्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा करावी, माझी काही हरकत नाही. पण झाकण उघडून आतलं सगळं पुसून काढणारं गिऱ्हाईक मला सिंधूबाईंच्या रूपानं पहिल्यांदाच भेटलं.

त्या खुटबावहून डेमू रेल्वेनं दौंडला आल्या आणि जुना कॉम्प्युटर माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला. त्यांचे यजमान भिमाजी शेवंतीचं स्वतःचं वाण तयार करतात. कुठल्या झाडाचा कुठल्याशी संकर, कुठलं कधी फुललं, अशा नऊ वर्षांच्या नोंदी त्या एका हार्ड डिस्कमध्ये. पूजा झाली आणि नोंदी उघडेनात. गावाकडच्या एका दुरुस्तीवाल्यानं डिस्कची तपासणी लावली, हजारो चुका निघाल्या. डिस्क मेली म्हणून त्यानं हात वर केले.

"ताई, माझ्यानंच गेलं का हो समदं? चार दिस झालं, हे माझ्याशी बोलत न्हाईत."

मला भिमाजींचा रागच आला. त्याच तिरमिरीत मीही आत न बघताच तपासणी लावली. पुन्हा तेच! 'चुका दुरुस्त करू का?' असं पडद्यावर आलं. 'हो' दाबणार, तेवढ्यात हात आवरला. मेलेली डिस्क खरखरते, ही तर मजेत फिरत होती.

कॉम्प्युटर बंद करून आत पाहिलं. एकाच केबलवर दोन डिस्क, एक नोंदींची आणि एक जादा. डिस्कच्या मागच्या पिनांवर तांदळाएवढी टोपी असते, तिला जम्पर म्हणतात. कुठली डिस्क मुख्य, कुठली दुय्यम, ते ती ठरवते. इथं दोन्ही मुख्य झाल्या होत्या आणि एकदमच बोलत होत्या.

"काकू, या टोप्या काढल्या होत्या?"

"व्हय. खाली धूळ व्हती. मग दोन्ही सारख्याच जागी बसवल्या, बरं दिसतं म्हनून."

मला हसू फुटलं. दुसऱ्या डिस्कचा जम्पर लेबलवरची आकृती बघून हलवला आणि तपासणी पुन्हा लावली. दोन चहा झाले. चुका शून्य! 'दुरुस्त' केलं असतं तर नोंदींचा पार चुथडा झाला असता.

पहिली नोंद उघडली. सिंधूबाईंनी डोळे पुसले. "ह्यांनी सांगायचं आन् मी टाइप करायचं. नऊ वर्षं."

नऊ वर्षं टाइप करणार ही, आणि अबोलाही हिच्याशीच! मी तडक भिमाजींना फोन लावला.

"नोंदी सापडल्या का?" त्यांनी विचारलं.

सिंधूबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "सापडल्या. औंदापासनं मी सांगनार, तुम्ही टाइप करायचं."

पलीकडून ऐकू आलं, "बरं. कवा येतीस?"

"आजून एकदा तपासून घेते," त्या म्हणाल्या, "मग येते."