बुवांच्या टाचा

कीर्तनाला बसलेले लोक बुवांचं तोंड बघतात. आम्ही टाळकरी मागे उभे असतो. आम्हाला दिसते ती बुवांची पाठ आणि धोतराखालच्या टाचा. देवाने मला ही जागा का दिली, ते मला बासष्टाव्या वर्षी कळलं.

वाघोलीचे महिपतीबुवा म्हणजे आमच्या गावचं भाग्य. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, पोरं खराडीत कॉम्प्युटरपुढे बसायला लागली, पण एकादशीचं कीर्तन बुवांनी कधी चुकवलं नाही. दोन हजार अकरा सालच्या दिवाळीनंतर मात्र त्यांच्या पायांत काहीतरी बिघडलं. निरूपण सांगताना माणूस ठणठणीत. अभंगाची उंच चाल लावली, की टाचा थरथरायच्या आणि गुडघे मोडायचे. मग मी आणि माझ्या शेजारचा टाळकरी पोपट अर्धं पाऊल पुढे सरकायचो, मागून खांदा द्यायचो आणि चाल आम्हीच उचलायचो. लोक म्हणायचे, काय रंग भरला आज!

कीर्तन संपून बुवा बसले, की दहा मिनिटांत पाय जागेवर. त्यांनी आम्हाला माळेवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. "मथुरेला कळता कामा नये. ती मला उभं राहू द्यायची नाय."

आम्ही शपथ पाळली. तीच आमची चूक.

पुढे चालतानाही पाय ओढायला लागला, तेव्हा बुवांच्या पत्नीने, मथुराबाईंनी, त्यांना डॉक्टरकडे नेलंच. कमरेचा एमआरआय झाला. चकती सरकलीय, ऑपरेशन करा, असा रिपोर्ट आला. स्वारगेटपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तारीख ठरली. आदल्या दिवशी सकाळी बुवांना भरती केलं. मथुराबाई आणि मी सोबतीला होतो.

अकराच्या सुमाराला एक तरुण डॉक्टरीणबाई फिल्म हातात घेऊन आल्या. नम्रता त्यांचं नाव, मूळ यवतमाळच्या.

"बुवा, पाय नेमके केव्हा जातात? सांगा ना जी."

"वय झालं की जातात," बुवा म्हणाले. "तुम्ही डॉक्टर हाय का शिकाऊ?"

"दोन्ही. एमडी झाली. आता फक्त मेंदूच्या अन् मणक्याच्या फिल्मा वाचायला शिकते आहे. दोन वर्षांची फेलोशिप आहे."

"म्हंजे डॉक्टर होऊन पुन्हा शाळा!"

"हो ना. तुम्ही किती वर्षं कीर्तन करता?"

"चाळीस. पण शिकाऊच हाय."

त्या हसल्या. मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाल्या, "ही फिल्म कमरेची. चकती सरकलीय हे खरं. पण वरच्या काठाशी बघा, मज्जारज्जूचं टोक सुजल्यासारखं दिसतंय. मागे बारीक काळे ठिपके आहेत. चकतीने असं होत नाही. म्हणून विचारते, काय करताना पाय जातात?"

"काय बी न करता जातात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मान खाली गेली. गळ्यातली माळ एकदम जड वाटली. उद्या बुवांची पाठ उघडणार, आणि दुखणं तिथे नसलं तर? बुवा पुन्हा उभे राहिलेच नाहीत तर?

"गाताना जातात," मी म्हणालो. "बोलताना नाही. उंच चाल लावली की गुडघे मोडतात. बसले की बरे होतात. तीन महिने आम्ही मागून धरतोय."

"सीताराम! शपथ मोडलीस?" बुवा माझ्यावर उसळले.

"मोडली."

मथुराबाई उठून उभ्या राहिल्या. "अहो, मोडू द्या! चाळीस वर्षं पहिल्या रांगेत बसून तुमचं ऐकतीय मी. आणि माझ्यापास्नं लपवायला देवाची शपथ?"

बुवांनी भिंतीकडे तोंड केलं. डॉक्टरीणबाई मात्र माझा दंड धरून मला तळमजल्यावर घेऊन गेल्या. तिथे एका अंधाऱ्या खोलीत त्यांचे सर स्क्रीनपुढे बसले होते.

"पुन्हा तुझे ठिपके?" सर म्हणाले. "मणक्यातलं पाणी हललं तरी तिथे असंच दिसतं."

"सर, तुम्हीच शिकवलंत, फिल्म अपुरी वाटली तर माणसाला विचारायचं."

"मग विचारलंस?"

"साक्षीदारच आणलाय."

मी सगळं पुन्हा सांगितलं. सरांनी चष्मा काढला, फोन उचलला आणि म्हणाले, "उद्याचं ऑपरेशन थांबवा. आधी पूर्ण मणक्याचा एमआरआय हवा."

त्यात ते काळे ठिपके पाठीच्या मध्यापर्यंत दिसले, मातीतल्या गांडुळांसारखे वळवळत गेलेले. दोन दिवसांनी धमनीत औषध सोडून तपासणी झाली आणि मूळ सापडलं. एक धमनी नको तिथे शिरेला जोडली गेली होती. मज्जारज्जूतलं रक्त तुंबत होतं. उंच स्वरासाठी पोटातून जोर लावला, की आणखी तुंबायचं. मांडीतून बारीक नळी घालून ती जागा चिकटवून बंद केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चकतीचं ऑपरेशन झालं असतं तरी पाय जातच राहिले असते. मग फार उशीर झाला असता."

बुवा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी काठी घेऊन माझ्या दारात आले आणि म्हणाले, "चहा टाकायला सांग."

आषाढातल्या एकादशीला बुवा उभे राहिले. डावा पाय अजून किंचित जड होता. डॉक्टरीणबाईंना आम्ही आग्रहाने बोलावलं होतं. मथुराबाईंनी त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत सतरंजीवर जागा धरली होती. पण बाई आल्या त्या सरळ आमच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, पुढे बसा, बुवा दिसायचे नाहीत इथून," पोपट म्हणाला.

"मला जे बघायचं ते इथूनच दिसतं," त्या म्हणाल्या.

बुवांनी चाल उचलली. स्वर वर गेला, आणखी वर गेला. सवयीने मी अर्धं पाऊल पुढे टाकलं. डॉक्टरीणबाईंनी मागून माझी बाराबंदी ओढली.

"राहू द्या, काका. टाचा टेकल्यात."

मी खाली पाहिलं. खरंच टेकल्या होत्या. मला पुढची चाल धरता आली नाही. टाळ तेवढे वाजत राहिले.